तीन रोबो, एक पूल आणि जाळीची लिफ्ट : रुग्णालयातील सामान-वाहतुकीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयाचे आहे. रुग्णालय, यंत्रे पुरवणारी कंपनी आणि संबंधित व्यक्ती यांची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत.

रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत. जुन्या इमारतीत मेडिसिन, सर्जरी आणि अस्थिरोग यांचे जनरल वॉर्ड आहेत. तिथली लिफ्ट जाळीच्या सरकत्या दरवाजाची असून लिफ्टमनशिवाय ती हलत नाही. नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर औषध भांडार, निर्जंतुकीकरणाचा विभाग म्हणजे सीएसएसडी, शस्त्रक्रियागृहे आणि आयसीयू आहेत, तर लॉन्ड्री तळघरात आहे. दोन्ही इमारतींचे पहिले मजले एका बंदिस्त पुलाने जोडलेले आहेत. दोन मजल्यांच्या पातळीत फरक असल्यामुळे पुलाच्या जुन्या इमारतीकडील टोकाला उतार आहे.

औषधे, सलाईनचे खोके, निर्जंतुक केलेल्या उपकरणांचे ड्रम, धुतलेल्या चादरी, तपासणीचे नमुने आणि कागदपत्रे हे सगळे मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, वाहून नेत असत. हीच माणसे रुग्णाला एक्स-रेला नेत, बेडपॅन देत, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलताना हात लावत. त्यामुळे ‘वाहतूक’ असे वेगळे काम कोणाच्याच नावावर नव्हते आणि त्याचा हिशेबही कुठे नव्हता.

अडचण

तक्रार सिस्टर्सकडून आली. दुपारी आणि रात्री इंडेंट, म्हणजे औषधांचे मागणीपत्र, पाठवूनही औषधे वेळेवर वॉर्डात पोचत नव्हती आणि शेवटी सिस्टर स्वतः वॉर्ड सोडून भांडारापर्यंत जात होती. त्याच सुमारास काही विश्वस्तांनी एका प्रदर्शनात स्वतःहून फिरणारे, सामान वाहणारे रोबो पाहिले. 2020 मध्ये कोविडच्या काळात दिल्लीच्या एम्समध्ये स्वतःहून फिरणाऱ्या रोबोंची चाचणी झाल्याच्या बातम्याही त्यांच्या लक्षात होत्या. ‘रोबो घेतले तर कंत्राटी मामांची संख्या कमी करता येईल’ हे वाक्य पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात आहे. कोविडचा विलगीकरण वॉर्ड म्हणजे नातेवाइकांना मज्जाव असलेला, जवळजवळ मोकळा पॅसेज. जनरल वॉर्डाचा पॅसेज त्याच्या अगदी उलट असतो, ही गोष्ट तेव्हा कोणी बोलून दाखवली नाही.

नर्सिंग सुपरिटेंडेंट मॅडमनी मात्र खरेदीआधी एक अट घातली : सामान नेमके कुठे अडते ते आधी पाहायचे. त्यांनी, बायोमेडिकल इंजिनिअरने आणि भांडारप्रमुखांनी मिळून काही दिवस फेऱ्यांची नोंद केली. नोंदीत असे दिसले की प्रत्यक्ष चालण्यात फार थोडा वेळ जातो. मामा भांडाराच्या खिडकीपाशी इंडेंट भरून होईपर्यंत थांबतात, नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी थांबतात आणि परत येताना वाटेतच कोणीतरी त्यांना ‘जरा हा पेशंट सोनोग्राफीला सोडा’ म्हणून वळवते. औषधांची पिशवी तोवर स्ट्रेचरच्या पायथ्याशी पडून राहते.

पहिला निर्णय : आधी इंडेंट, मग यंत्र

या नोंदीनंतर समितीने रोबोचा विषय बाजूला ठेवून इंडेंटच्या वेळा ठरवून दिल्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत आलेली मागणी एकत्र भरायची, तातडीची मागणी वेगळ्या लाल चिठ्ठीवर घ्यायची आणि भरलेले खोके वॉर्डवार रॅकवर तयार ठेवायचे. एवढ्याने दिवसाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त फळ याच पावलाने दिले आणि त्याला खर्च जवळजवळ आला नाही.

यावर एका विश्वस्तांचा प्रश्न साहजिक होता : मग रोबो हवेत कशाला? उत्तर असे निघाले की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गावर, तयार खोके नेण्याचे काम आता प्रथमच यंत्राला देण्याजोगे झाले होते आणि ते यंत्राने केले तर मामांना रुग्णाजवळ राहता येईल. खरेदीचा हेतूच इथे बदलला. कर्मचारी संघटनेने विचारणा केली तेव्हा, या प्रयोगामुळे कोणालाही कमी केले जाणार नाही, असे व्यवस्थापनाने लेखी दिले. ते पत्र नसते तर पुढचे काहीच घडले नसते, कारण यंत्राला रोज चार्जिंगला लावणारे, पुसणारे आणि अडकले की सोडवणारे हात मामांचेच होते.

तोललेले पर्याय

नुसती माणसे वाढवण्याचा पर्याय पहिला होता. तो सोपा होता, पण वाढवलेली माणसे पुन्हा रुग्ण हलवण्यातच खर्ची पडतील, अशी नर्सिंग विभागाची भीती होती आणि ती अनुभवातून आलेली होती. हवेच्या दाबावर चालणारी नळीची यंत्रणा नमुन्यांसाठी उत्तम असते. परंतु सलाईनचे खोके आणि सीएसएसडीचे ड्रम नळीतून जात नाहीत, शिवाय जुन्या इमारतीच्या जाड भिंती फोडाव्या लागल्या असत्या. जमिनीवरच्या चुंबकीय पट्टीवरून चालणाऱ्या गाड्या स्वस्त होत्या. त्या वाटेत अडथळा आला की नुसत्या उभ्या राहतात, आणि दिवसातून तीनदा फिनाईलच्या पोछ्याखाली ती पट्टी किती टिकेल याचीही कोणाला खात्री नव्हती.

उरले एएमआर, म्हणजे लेझर स्कॅनरने भिंती-खांब ओळखून स्वतःचा नकाशा तयार करणारे आणि त्या नकाशावर स्वतःची जागा शोधत चालणारे रोबो. ही कल्पना नवी नाही. औद्योगिक रोबोंचे जनक मानले जाणारे जोसेफ एंगेलबर्गर यांच्या कंपनीचा ‘हेल्पमेट’ हा रोबो 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॅनबरी रुग्णालयात जेवणाचे ट्रे पोचवत होता आणि लिफ्टही वापरत होता. समितीने तीन रोबो विकत न घेता वर्षभराच्या भाड्याने घेतले. त्यांतले दोन बंद कप्प्यांचे होते आणि एक ट्रॉलीखाली शिरून ती उचलून नेणारा होता.

काय न्यायचे आणि काय नाही

या प्रश्नावर झालेली चर्चा सर्वांत जास्त लांबली आणि ती लांबली हे बरे झाले. कंपनीच्या सादरीकरणात रोबो ‘सर्व काही’ नेत होता. समितीने एकेक वस्तू घेऊन विचारले : हा रोबो वाटेत अर्धा तास अडकला तर काय होईल?

रक्ताच्या पिशव्या याच प्रश्नावर बाद झाल्या. तांबड्या पेशींची पिशवी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते आणि शीतपेटीबाहेर ती अर्ध्या तासाहून अधिक राहिली तर परत साठ्यात घेण्याचा प्रश्न उभा राहतो. धमनीतील रक्तवायूंचा नमुनाही वेळेशी बांधलेला असतो, म्हणून तातडीचे सर्व नमुने हातानेच न्यायचे ठरले. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अमली वेदनाशामके कप्प्याला कार्डाचे कुलूप असूनही वगळली. त्यांची नोंदवही सही करून एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि त्या साखळीत यंत्र घालण्याची भांडारप्रमुखांची तयारी नव्हती. जैववैद्यकीय कचरा तर पूर्णच वर्ज्य ठरला. पिवळ्या आणि लाल पिशव्या नेणारी गाडी वेगळीच असली पाहिजे, आणि ‘रात्री कचरा, सकाळी औषधे’ ही कंपनीची सूचना संसर्ग नियंत्रण सिस्टरने एका वाक्यात निकाली काढली.

राहिले ते असे : नियमित औषधांचे खोके, सलाईन, सीएसएसडीचे ड्रम, स्टेशनरी आणि पुढच्या टप्प्यात धुतलेल्या चादरी.

लिफ्टचा प्रश्न

चादरी पुढच्या टप्प्यात गेल्या त्या लिफ्टमुळे. लिफ्टमनशिवाय न हलणाऱ्या जाळीच्या लिफ्टचा तर विचारच शक्य नव्हता. नव्या इमारतीच्या लिफ्टला रोबोने बोलवायचे, आत शिरल्यावर मजला सांगायचा आणि दरवाजा उघडा धरून ठेवायचा, यासाठी लिफ्टच्या नियंत्रण पॅनेलला बाहेरून जोडणी द्यावी लागते. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीने कळवले की बाहेरच्या कोणी तारा जोडल्या तर वार्षिक करार लागू राहणार नाही. त्यांनी स्वतः जोडणी करण्याचे दिलेले दरपत्रक रोबोच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याइतके होते. शिवाय महाराष्ट्रात लिफ्ट 2017 च्या कायद्याखाली येतात आणि त्यांत फेरफार करायचा तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाचा मार्ग टाळता येत नाही.

दोन मते पडली. एक असे की लिफ्टशिवाय रोबो म्हणजे पांगळा रोबो, तेव्हा खर्च करून टाकावा. दुसरे असे की भांडार, सीएसएसडी, आयसीयू आणि जुन्या इमारतीचे दोन मोठे वॉर्ड एकाच मजल्यावर आहेत, तेव्हा आधी तेवढेच करून पाहावे. दुसरे मत टिकले. मला हा निर्णय योग्य वाटतो. गर्दीच्या वेळी स्ट्रेचरसाठीसुद्धा न मिळणाऱ्या लिफ्टमध्ये आणखी एक प्रवासी वाढवण्याआधी तो प्रवासी पॅसेजमध्ये कसा वागतो हे कळणे आवश्यक होते.

प्रत्यक्ष अंमलबजावणी

पहिली अडचण उताराची निघाली. पुलाच्या टोकाचा उतार 1:12 होता. व्हीलचेअरसाठी तो चालतो, पण शेकड्यात तो 8.3 टक्के होतो आणि पूर्ण भार असताना या रोबोला 5 टक्क्यांपर्यंतच परवानगी होती. पाहणीला आलेल्या अभियंत्याने पुलाचा नकाशा पाहिला होता, उतार मोजला नव्हता. उतार 1:20 करायचे ठरले. पातळीतला फरक सुमारे 30 सेंटीमीटर होता, म्हणजे साडेतीन-पावणेचार मीटरच्या जागी सहा मीटर लांबी लागली आणि पुलावरचे दोन बाक हलवावे लागले. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मावशींना याचा जो फायदा झाला तो कोणत्याही प्रस्तावात नव्हता.

दुसरी अडचण काचेची. नव्या इमारतीच्या लॉबीत जमिनीपासून छतापर्यंत काचा आहेत. लेझरचा किरण काचेतून आरपार जातो किंवा भलतीकडे परावर्तित होतो, त्यामुळे रोबोला तिथे भिंतच दिसत नव्हती आणि स्वतःची जागा सापडत नव्हती. स्कॅनरच्या उंचीवर दुधी रंगाची फिल्म चिकटवल्यावर हे सुटले.

तिसरी अडचण मात्र फिल्म चिकटवून सुटणारी नव्हती. जुन्या इमारतीच्या पॅसेजमध्ये रात्री नातेवाईक चटई अंथरून झोपतात. ट्रस्टने मागच्या बाजूला निवारा बांधला आहे, पण ज्याचा माणूस आत अत्यवस्थ आहे तो दारापासून दूर जात नाही. कंपनीने सुरक्षेचे प्रमाणपत्र म्हणून आयएसओ 3691-4 हे मानक पुढे केले होते. बायोमेडिकल इंजिनिअरने ते नीट वाचले. ते चालकरहित औद्योगिक वाहनांचे मानक आहे आणि सार्वजनिक वावराच्या जागेतील जादा धोके त्यात धरलेले नाहीत. त्यासाठी ते आयएसओ 13482 या, वैयक्तिक सेवेच्या रोबोंच्या मानकाकडे निर्देश करते. औद्योगिक वाहनांच्या मानकातील माणूस ओळखण्याच्या चाचणीत आडवे ठेवलेले नळकांडे 200 मिलिमीटर व्यासाचे असते. झोपलेल्या माणसाचे धड त्यात बसते, चटईबाहेर पसरलेला हात बसत नाही. या रोबोचा स्कॅनर जमिनीपासून सुमारे 15 सेंटीमीटरवर, आडव्या एकाच पातळीत पाहत होता. उपडा पडलेला तळहात जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटरच वर असतो.

समितीने मग स्वतः चाचणी घेतली. पॅसेजमध्ये चटई टाकून त्यावरून एका बाजूला वाळूने भरलेला रबरी हातमोजा बाहेर ठेवला आणि रोबोला जाऊ दिले. रोबो थांबला नाही. चाक मोज्याच्या बोटांवरून गेले. कंपनीने खाली झुकवलेला, वस्तूंचे अंतर मोजणारा कॅमेरा बसवून दिला. त्यानंतर बहुतेक वेळा रोबो थांबला, परंतु काळ्या घोंगडीवर ठेवलेला गडद मोजा त्याने एकदा ओळखला नाही.

इथे निर्णय नर्सिंग सुपरिटेंडेंट मॅडमचा होता आणि तो त्यांनी तिथल्या तिथे घेतला : रात्री दहा ते पहाटे साडेपाच या वेळात रोबो पुलापलीकडे जाणार नाही. पुलाच्या टोकाला तो थांबेल, मामा येऊन खोके घेतील. दिवसाच्या तक्रारी कमी झाल्यावर मूळ तक्रारीतली उरली होती ती रात्रीचीच, म्हणजे सर्वांत गरजेच्या वेळी यंत्राने अर्धीच वाट चालायची. कंपनीचा प्रतिनिधी आणखी एका कॅमेऱ्याचा प्रस्ताव घेऊन आला तेव्हा ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर झोपलेल्या माणसासाठी पुरेसे नाही, असे त्याला सांगण्यात आले.

दिवसाच्या गर्दीत वेगळाच पेच होता. अडथळा दिसला की रोबो बाजूने वाट काढू पाहत असे. समोरचा माणूसही सौजन्याने त्याच बाजूला सरके आणि दोघे समोरासमोर उभे राहत. शेवटी गर्दीच्या वेळी बाजूने जाण्याची मुभाच काढून टाकली. रोबो डाव्या कडेने, चालत्या माणसाहून सावकाश जातो, कोणी आडवे आले तर थांबतो आणि वाट मोकळी झाली की निघतो. कागदावर यामुळे तो मंदावला. लोकांना मात्र तो काय करणार हे कळू लागले आणि अडून राहण्याचे प्रसंग कमी झाले.

शेवटच्या दहा फुटांचा प्रश्न

रोबो वॉर्डाच्या दाराशी पोचतो, पुढे खोका कोण काढणार? योजनेत ‘वॉर्डातील कर्मचारी’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात रोबो आला की बीप वाजे. सिस्टर एखाद्या रुग्णाला सलाईन लावत असे, मावशी बाथरूमच्या बाजूला असे आणि बीप वाजतच राही. एका दुपारी सर्जरी वॉर्डात कोणीतरी आवाज बंद करण्यासाठी पडद्यावरचे ‘मिळाले’ हे बटण दाबले आणि रोबो भरल्या कप्प्यासह भांडारात परतला. संगणकात औषधे पोचल्याची नोंद होती, वॉर्डात औषधे नव्हती. प्रतिजैविकाचा डोस उशिरा गेला. रुग्णाला अपाय झाला नाही.

चौकशीत बटण कोणी दाबले याचा शोध न घेण्याचे ठरले. कप्पा उघडून बंद झाल्याशिवाय आणि आतले वजन कमी झाल्याशिवाय ‘मिळाले’ ही नोंद होणार नाही, असा बदल करून घेतला. खोका उतरवणे मावशींकडे आणि मोजून घेणे इन-चार्ज सिस्टरकडे, अशी वाटणी लेखी झाली. बीपच्या जागी ‘औषधे आली आहेत’ अशी मराठी सूचना हलक्या आवाजात एकदाच देण्याची सोय झाली आणि पाच मिनिटांत कोणी आले नाही तर पुढची सूचना वॉर्डाच्या फोनवर जाऊ लागली. एका अनुभवी मामांना रोबोंचे समन्वयक नेमून थोडा भत्ता दिला. कोणत्या वॉर्डात किती वाजता कोणाचे हात मोकळे असतात हे त्यांना तोंडपाठ होते आणि फेऱ्यांचे वेळापत्रक त्यांनीच पुन्हा बसवले.

अग्निशमनाच्या सरावात आणखी एक गोष्ट उघडी पडली. भोंगा वाजल्यावर सगळे थांबले, रोबोही थांबला, पण तो पुलाच्या अग्निरोधक दरवाजाच्या चौकटीत थांबला आणि दरवाजा मिटला नाही. आगीच्या पॅनेलचा संकेत रोबोच्या यंत्रणेला जोडलेलाच नव्हता. आता संकेत जोडला आहे. भोंगा वाजताच रोबो जवळच्या आखून दिलेल्या कोपऱ्यात जातो आणि कोणत्याही दरवाजाच्या चौकटीत थांबण्यास त्याला नकाशावरच मनाई आहे.

नेटवर्कचा निर्णय त्यामानाने लवकर झाला. 2022 मध्ये सायनेरिओ या सुरक्षा कंपनीने एथॉन कंपनीच्या रुग्णालयीन ‘टग’ रोबोंच्या यंत्रणेतील पाच त्रुटी जाहीर केल्या होत्या. त्यांतून बाहेरच्या माणसाला रोबोचा ताबा घेणे शक्य होते आणि नंतर त्या दुरुस्त करण्यात आल्या. आयटी विभागाने हे उदाहरण समोर ठेवून रोबोंना रुग्णांच्या नोंदींच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळे ठेवले.

परिणाम

वर्ष संपताना चित्र संमिश्र होते. आयसीयू आणि शस्त्रक्रियागृहांकडे जाणाऱ्या सीएसएसडीच्या फेऱ्या रोबोंनी चांगल्या सांभाळल्या. तिथे नातेवाईक नसतात, मार्ग छोटा असतो आणि ड्रम घ्यायला माणूस ठरलेला असतो. दिवसाच्या औषधफेऱ्याही रुळल्या. ट्रॉली उचलणारा तिसरा रोबो चादरींसाठी घेतला होता, लिफ्ट नसल्याने तो बराच काळ चार्जरवर उभा राहिला आणि परत पाठवला गेला. रात्री सिस्टरने वॉर्ड सोडून जाण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत. मामांची संख्या तेवढीच आहे. रोबो नसते आणि नुसत्या इंडेंटच्या वेळा बदलल्या असत्या तर यातले किती साधले असते, हे वेगळे काढणे शक्य नाही, कारण दोन्ही बदलांमध्ये पुरेसा काळ जाऊ दिला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

इंडेंटची नवी पद्धत दोन-तीन महिने एकटी चालू देऊन मगच भाडेकरार करायला हवा होता. तसे झाले असते तर तीनऐवजी दोनच रोबो मागवले गेले असते. पाहणीत उतार, काचा, दरवाजांची चौकट आणि फरशीच्या सांध्यांवरच्या पट्ट्या मोजण्याची जबाबदारी करारातच कंपनीवर टाकता आली असती. पाहणी दुपारी झाली, ती रात्री अकरा वाजताही व्हायला हवी होती. चटया तेव्हाच दिसल्या असत्या.

नातेवाइकांना कोणी विचारले नाही, ही मला यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. पॅसेजचा एक बाजूचा पट्टा झोपण्यासाठी आखून, वाटेची बाजू मोकळी ठेवण्याची व्यवस्था त्यांच्याशी बोलून करता आली असती. आता समाजसेवा विभागाने ते काम हाती घेतले आहे. लिफ्टच्या जोडणीचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे पुन्हा आला आहे आणि या वेळी तो चादरींच्या फेऱ्यांपुरता, पहाटेच्या मोकळ्या तासापुरताच मर्यादित आहे. दोन रोबोंच्या करारवाढीत तीन कलमे नव्याने घातली आहेत : इमारतीचा नकाशा रुग्णालयाच्या मालकीचा राहील, सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदलानंतर हातमोज्याची चाचणी पुन्हा घेतली जाईल आणि रोबो बंद पडल्यास चार तासांत कंपनीचा माणूस जागेवर येईल. चार तासांच्या कलमावर कंपनीने अजून सही केलेली नाही.